सही तुमची आहे, गोळी तिला गिळायची आहे

तुम्ही जे लिहिलं आहे ते थोडक्यात असं: मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. चार महिन्यांपासून कॉलेजला जात नाही, दिवसा झोपते, रात्रभर जागी असते, दोनदा स्वतःला इजा करून घेतली आहे. डॉक्टरांनी नैराश्य असल्याचं सांगून गोळ्या आणि समुपदेशन सुचवलं, वेळ पडली तर काही दिवस भरती करू असंही म्हणाले. समुपदेशनाच्या दोन बैठका झाल्या. गोळीला मात्र मुलगी ठाम नाही म्हणते. तुमचं म्हणणं, ती अज्ञान आहे, आम्ही आई-वडील आहोत, मग तिला विचारायचंच कशाला? नातेवाइकांपैकी कुणीतरी दुधातून गोळी द्यायचा सल्ला दिलाय. शिवाय समुपदेशक बाई आतलं बोलणं तुम्हाला सांगत नाहीत, त्याचाही राग आहे.

मी गेली २२ वर्षं मुलामुलींची मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. सरळ उत्तर आधी देते. उपचारासाठी कायद्याला लागते ती सही तुमचीच, तिची नाही. पण त्या सहीने जेवढं हाती येईल असं तुम्हाला वाटतंय, तेवढं येत नाही. थोडं कायद्यामुळे येत नाही आणि बरंचसं आजाराच्या स्वभावामुळे.

तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही. आजार किती तीव्र आहे, तिला भास किंवा भलतेच संशय आहेत का, जिवाला धोका कितपत आहे, यावर पुढचं बरंच काही बदलतं. म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी. मरणाबद्दल ती बोलत असेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, किंवा तुमच्या मनाला तशी धास्ती वाटत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आजच तिला दवाखान्यात न्या. जिवाला धोका असतो तेव्हा संमतीचा घोळ आडवा येत नाही; मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९४ अशा वेळी कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला तातडीचे उपचार करायची मुभा देतं, जास्तीत जास्त ७२ तासांसाठी. पालक तिथे हजर असतील तर त्यांची संमती घ्यायची असते. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. आणि घरातली सगळी औषधं, आजीच्या बीपीच्या गोळ्यांसकट, आज रात्रीच कुलपात जाऊ द्या. तिला विचारत बसायचं नाही अशी ही एकच गोष्ट.

आता ‘अज्ञान’ या शब्दाकडे येते. कायद्याच्या मराठीत त्याचा अर्थ अठरा वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती, एवढाच. पण माझ्यासमोर बसलेले पालक तो उच्चारतात तेव्हा त्यांच्या मनात त्याचा रोजच्या बोलण्यातला अर्थही असतो: हिला काही कळत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या शरीरात काय चाललंय, रात्री काय होतं, कशाची भीती वाटते, हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिला कळत नाही ते दुसरंच काहीतरी असतं, उदाहरणार्थ, हे दिवस पालटू शकतात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्यात अज्ञान मुलाचा कायदेशीर पालक हाच त्याचा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे उपचारांबाबत त्याच्या वतीने निर्णय घेणारा माणूस, मानला आहे, आणि मुलावरचे उपचार त्या प्रतिनिधीच्या संमतीने करायचे असं म्हटलंय. ओपीडीतही आम्ही हाच नियम पाळतो. बारा वर्षांनंतर मूल स्वतः संमती देऊ शकतं, असंही तुम्हाला कुणी सांगेल. ते फौजदारी कायद्यातल्या तरतुदींवरून आलेलं आहे, जिथे बारा वर्षांखालच्या मुलाची संमती ग्राह्य धरत नाहीत. २०१७ च्या कायद्यात मात्र रेषा अठराला आहे. इंग्लंडमध्ये १९८५ च्या गिलिक खटल्यापासून, समज पुरेशी असेल तर सोळाखालचं मूलही स्वतः संमती देऊ शकतं. इंटरनेटवर वाचून मुलं मला तो दाखला देतात. आपल्याकडे तशी सोय नाही, आणि हे त्यांना सांगताना मला दर वेळी थोडं ओशाळल्यासारखं होतं.

भरतीचं कलम ८७. पालकांची समजूत अशी असते की आपण अर्ज करायचा आणि डॉक्टरांनी खाट द्यायची. अर्ज तुम्हीच करायचा, हे खरं. त्यानंतर दोघांनी तिला वेगवेगळं तपासायचं, भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. दोघांपैकी एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवाच. दुसरा मानसोपचारतज्ज्ञ, मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा डॉक्टर असू शकतो. दोघांचंही स्वतंत्रपणे मत पडायला हवं की आजार भरतीइतका तीव्र आहे, भरती तिच्या हिताची आहे, त्याशिवाय गरज भागणार नाही, आणि भरती न करता करण्याजोगे उपाय करून पाहिले पण फसले, किंवा तिच्या बाबतीत ते उघडच चालणारे नाहीत. हिताचा विचार करताना, समजून घेता येत असेल तर मुलाची इच्छाही लक्षात घ्यायची, असं त्या कलमातच लिहिलंय. सोळा वर्षांच्या मुलीची इच्छा समजून घेता येत नाही, असं मी कागदावर कुठल्या तोंडाने लिहू?

तुम्ही दिलेल्या माहितीत समुपदेशनाच्या दोनच बैठका झाल्यात आणि गोळी सुरूच झालेली नाही. धोका फार नसेल तर शेवटची अट इथे पूर्ण होत नाही, आणि मी तरी भरतीच्या कागदावर सही करणार नाही. धोका मोठा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ‘घरी राहून चालणार नाही’ हेच कारण पुरेसं ठरतं. तुमच्या डॉक्टरांनी ‘वेळ पडली तर’ म्हटलं ते मला त्यामुळेच बरोबर वाटतं.

भरती झालीच तर तिला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. तुम्ही किंवा तुम्ही नेमलेलं माणूस पूर्ण काळ तिच्याजवळ राहिलं पाहिजे. अर्ज वडिलांनी केला असेल तर मुलीसोबत एक बाईमाणूस हवंच. रुग्णालयाने ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या या कायद्यातल्या मंडळाला, कळवायचं असतं. मंडळ येऊन मुलीशी बोलू शकतं, तिचे कागद पाहू शकतं. मुक्काम ३० दिवसांवर गेला तर पुन्हा कळवायचं, आणि मंडळाने सात दिवसांत तो तपासायचा. विजेच्या उपचारावर, म्हणजे ईसीटीवर, अज्ञान मुलांसाठी बंदीच आहे. अगदीच गरज पडली तर पालकांच्या संमतीसोबत मंडळाची आगाऊ परवानगी लागते. तिथे एकट्या पालकाची सही चालत नाही.

याला दुसरी बाजूही आहे, तीही सांगायला हवी. तुम्ही म्हणालात की मुलीला घरी न्यायचं, तर रुग्णालयाला तिला सोडावंच लागतं. तिसऱ्या दिवशी ‘बघवत नाही हो डॉक्टर’ म्हणत पोरं घेऊन जाणारे वडील मी खूप पाहिलेत. मूल सुधारत असतं आणि बाप मोडतो. आणि पालकच मुलाच्या हिताविरुद्ध वागत असेल, तर डॉक्टर किंवा मुलाचं हित पाहणारं इतर कुणीही मंडळाकडे अर्ज करू शकतं, आणि पुराव्याने पटलं तर मंडळ प्रतिनिधी बदलू शकतं. पालकपण ही या कायद्यात मालकी नाही, नेमणूक आहे, आणि ती काढूनही घेता येते.

कायद्याचा भाग इथे संपतो. माझ्या खोलीत रोज चालतं ते वेगळंच असतं.

संमती आणि होकार या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते. संमती कागदावरची, पालकांची. होकार मुलाचा. कायद्याने तो लागत नाही, पण त्याच्याशिवाय गोळी तिसऱ्या दिवशी बेसिनमध्ये जाते. नैराश्याची गोळी म्हणजे इंजेक्शन नव्हे की एकदा टोचलं आणि काम झालं. ती रोज घ्यावी लागते, परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि सुधारणा झाल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागते. समुपदेशनाचं तर बोलायलाच नको. तुमच्या सहीने ती खुर्चीत येऊन बसेल. तोंड उघडणं तिच्या हातात आहे.

म्हणून ‘नाही’ ऐकलं की मी आधी विचारते, नाही कशाला? एक मुलगी तीन भेटी ‘नाही’च म्हणत होती. चौथ्या भेटीत कळलं, तिच्या आत्याला कुठल्याशा गोळीने वीस किलो वजन चढलं होतं आणि घरात सगळे त्यावर हसायचे. मी देणार होते ती गोळीच वेगळी होती. तिच्या माहितीचा कागद मुलीसमोर ठेवला, वजन दर पंधरा दिवसांनी आपण दोघी लिहून ठेवू म्हटलं, आणि तिने त्याच संध्याकाळी सुरुवात केली. एका मुलाला भीती होती की गोळी लिहिली म्हणजे कॉलेजच्या दाखल्यावर येणार. दुसऱ्या एकाला वाटत होतं की गोळी घेतली तर आई-बाबा म्हणतील, बघ, दोष तुझ्यातच होता. त्या घरात रोज रात्री भांडणं होत, आणि त्याची शंका अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. तुमच्या मुलीच्या ‘नाही’मागे काय आहे ते मला माहीत नाही. तुमच्या लिहिण्यात ते कुठेच आलेलं नाही, त्यावरून वाटतं की तुम्हीही अजून विचारलेलं नसावं.

काही वेळा सगळं समजावूनही नकार कायम राहतो. तेव्हा मी सौदा करते, हो, सौदाच. सहा आठवडे घे, तारीख लिहून ठेवू, त्या दिवशी आपण तिघं बसून ठरवू. बंद करायची असेल तर मी सांगेन तशी हळूहळू बंद करायची. किंवा गोळी थांबवू, पण दर आठवड्याला बैठकीला यायचं आणि रात्री अकरानंतर फोन हॉलमध्ये. मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात बोलण्यातून होणाऱ्या उपचाराने सुरुवात करणं हा काही कमीपणा नाही. आजार तीव्र असेल, खाणंपिणं सुटलं असेल, भास होत असतील, तर मात्र मी सौदा करत नाही. स्पष्ट सांगते की हे आत्ता आम्ही मोठी माणसं ठरवणार आहोत, तुला राग येईल, तो माझ्यावर काढ. पण तेही तोंडावर, तिला कळेल असं.

आणि दूध.

काही वर्षांपूर्वी एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी चौदाची. दोन महिने दुधात गोळी कुटून दिली होती. गोळी माझी नव्हती, पण तो प्रश्न बाजूला ठेवू. एके दिवशी मुलीला पेल्याच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. तिने दूध सोडलं. मग चहा. मग आईच्या हातचं काहीच नाही; स्वतः पाकीट फोडून शिजवलेलं तेवढंच खायची, आणि पाण्याची बाटली उशाशी घेऊन झोपायची. आईने मला सांगितलं, हिला संशयाचा आजार झालाय, वाटतं आम्ही हिच्या जेवणात काहीतरी घालतो. मी मुलीकडे पाहिलं. तिने शांतपणे विचारलं, “घालतात की. मग आजार कुणाला झालाय?”

पुढचे सहा महिने मला खात्रीने सांगता आलं नाही की तिचा संशय आजाराचा होता की अनुभवाचा. घरच्यांनी तो खराच करून ठेवला होता.

याला एक वैद्यकीय कारणही आहे, तुमच्या नातेवाइकांना ते नक्की सांगा. नैराश्यासाठी मुलांना सहसा फ्लुओक्सेटिनच्या गटातल्या गोळ्या देतात. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला: काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, सुरुवातीला आणि डोस बदलताना जास्त लक्ष ठेवा. गोळ्या देऊच नयेत असा त्याचा अर्थ नाही; मी देते, आणि त्यांनी सावरलेली मुलं पाहिली आहेत. पण पहिल्या आठवड्यांत आतून तगमग होते का, झोप आणखी उडाली का, भलते विचार येतात का, हे मला मुलीनेच सांगायचं असतं. आपण गोळीवर आहोत हेच जिला ठाऊक नाही, ती ही तगमग कशाच्या खात्यावर मांडेल? तिला वाटेल, आपण आणखी बिघडलो. दुधातली गोळी म्हणजे धोक्याची घंटा आपल्या हाताने काढून ठेवणं. तोच डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेतलेल्या खोकल्याच्या औषधाचा प्रश्न. काहींमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, ते या गोळ्यांबरोबर चालत नाही. आपण काय घेतोय हे तिला माहीत असेल तरच ती दुकानात ‘हे नको’ म्हणू शकेल.

समुपदेशक बाईंवरचा तुमचा राग मला समजतो. पैसे तुम्ही भरता, बाहेर बाकावर तुम्ही बसता, आणि दार उघडल्यावर त्या ‘चांगलं चाललंय’ एवढंच म्हणतात. कायद्यात पाहिलं तर रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे, आणि प्रतिनिधीला त्याचं कर्तव्य पार पाडण्यापुरती माहिती देता येते. म्हणजे निदान काय, औषध कोणतं, धोका किती, घरी काय करायचं, हे तुम्ही विचारू शकता आणि तुम्हाला ते मिळालं पाहिजे. मिळत नसेल तर अडून बसा. पण ती कुणाशी बोलते, तुमच्याबद्दल काय म्हणते, रात्री दोनला काय लिहिते, याने तुमचं कर्तव्य पार पाडायला मदत होत नाही.

ही रेघ मी एकदा ओलांडली होती. कामाची सुरुवातीची वर्षं. पंधरा वर्षांच्या मुलाने सिगारेटबद्दल सांगितलं, आणि वडिलांनी फार गळ घातली म्हणून मी त्यांना ते सांगून टाकलं. त्यांनी त्याला मारलं नाही, ओरडलेही नाहीत, नुसतं म्हणाले, “डॉक्टरांनी सांगितलंय मला.” त्यानंतर तो चार महिने न चुकता येत होता. वेळेवर यायचा, नीट बसायचा, आणि पाऊण तास क्रिकेटवर बोलायचा.

तेव्हापासून पहिल्याच भेटीत, आई-वडील समोर असताना, मी मुलाला सांगते: तुझं बोलणं या खोलीत राहील, तीन गोष्टी सोडून. तुझ्या जिवाला धोका असेल, तू दुसऱ्या कुणाला इजा करणार असशील, किंवा कुणी तुझ्याशी लैंगिक बाबतीत काही करत असेल. तिसऱ्याचं कारणही सांगते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि अठराखालच्या मुलीने ‘माझ्या मर्जीने’ म्हटलं तरी कायदा ते धरत नाही. मुलं हे ऐकून गप्प होतात, काही जण कायमची. मला हे खटकतं. पण आधी बोलू देऊन मग कळवणं याहून वाईट, म्हणून आधीच सांगते.

तुम्ही दोघं एकत्र राहता असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, म्हणून ताबा कुणाकडे वगैरे प्रश्नात शिरत नाही. तुमच्यात मात्र मतभेद असावेत. आई गोळीला तयार नाही, अशी एक ओळ तुम्ही ओझरती लिहिली आहे. ती ओझरती नाही. कागदाला एक सही पुरते, पण मी अशा घरात दोघांना समोर बसवल्याशिवाय औषध सुरू करत नाही. आई मनातून विरोधात असेल तर मुलीला ते कुणी न सांगता कळतं, आणि मग गोळी न घेणं म्हणजे आईची बाजू घेणं होऊन बसतं. आधी तुमचा नवरा-बायकोचा निकाल लावा.

आणखी एक हिशेब मनात ठेवा: ती सोळाची आहे. दोन वर्षांनी अठरा होईल त्या दिवशी हे सगळं उलटं होतं. स्वतःची संमती स्वतः देईल, प्रतिनिधी म्हणून तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाचंही नाव लिहील, पुढे आजारी पडले तर मला कोणते उपचार द्यायचे आणि कोणते नाहीत हे आगाऊ लिहून ठेवेल. भरती असताना अठरा पूर्ण झाली तर त्याच खाटेवर ती स्वतंत्र रुग्ण होते. नैराश्य अनेकदा उलटून येतं. ते विशीत परत आलं तर ती आपण होऊन डॉक्टरकडे जाईल की नाही, हे बरंचसं आत्ता तिच्याशी काय होतं त्यावर ठरेल.

पुढच्या भेटीला नेताना तिला खोटं सांगून नेऊ नका. ‘डोळे तपासायला जातोय’ म्हणून आणलेला एक मुलगा दप्तर मांडीवर घेऊन तासभर बसला होता, सगळं बोलणं झाल्यावर त्याने एकच विचारलं, “मला इथे ठेवून जाणार आहेत का?” तो तासभर त्याने माझं काहीच ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आदल्या दिवशीच सांगा कुठे जायचंय, किती वेळ लागेल, आणि राहायचं नाहीये. राहायचं असण्याची शक्यता असेल तर तेही सांगा. तिला वही द्या, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिनेच लिहावेत. तुम्ही ते वाचायचे नाहीत. गोळीचं नाव, कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, कधी थांबवणार, हे डॉक्टरांनी तिला सांगावं, तुम्हाला नव्हे, अशी विनंती तुम्हीच करा. ‘आमच्या सह्या घ्या, पण समजावून हिला सांगा’ असं वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या मुलीचे खांदे कसे खाली येतात ते मी पाहिलंय.

डॉक्टर तिला आधी एकटीला आत बोलावतील. बराच वेळ लागेल. बाहेर बसून राहा, दारावर टकटक करू नका, आणि ती बाहेर आल्यावर लगेच ‘काय म्हणाले?’ विचारू नका. गाडीत बसल्यावर विचारा, जेवायला कुठे थांबायचं का.